एकशे सतरा नंबरची बाई

संभाजीनगर

सांगलीहून निघताना माझ्याजवळ दोन बॅगा होत्या. एकीत माझे कपडे होते आणि दुसरीत एक गर्भाशय.

कापडी होतं, घाबरू नका. नाटकांना आणि शाळांच्या स्नेहसंमेलनांना वेषभूषा भाड्यानं द्यायचं माझं दुकान आहे. राजाचे मुकुट, परीचे पंख, वाघाच्या शेपट्या असलं सगळं मी तीस वर्षं शिवत आले आहे. त्यामुळे शाळेतल्या मैत्रिणीचा, नीलिमाचा, फोन आला आणि ती म्हणाली, "मंदे, मला एक गर्भाशय शिवून हवंय," तेव्हा मी सवयीनं एवढंच विचारलं, "कुणाच्या मापाचं?"

"शेवटच्या रांगेतल्या बाईला दिसेल अशा मापाचं," ती म्हणाली. "आणि ते घेऊन तूच ये."

नीलिमा पंचवीस वर्षं संभाजीनगरात स्त्रीरोगतज्ज्ञ आहे. सकाळी पेशंट तपासते आणि दुपारनंतर संशोधन करते. शाळेत माझ्या वाटणीचा बेडूकही तिनंच कापला होता, तेव्हापासून तिची ही दिशा ठरलेली. तिचं संशोधन आहे गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरवर. खेड्यातल्या बायका तपासायला टेबलावर झोपायला लाजतात. मग त्यांनी घरीच, स्वतःच्या हातानं नमुना घेतला तर तो तितकाच भरवशाचा असतो का, हे ती तपासते आहे. एक मऊ ब्रश, एक छोटी नळी आणि नळीवर एक नंबर, एवढंच सामान लागतं. ते वापरायचं कसं हे बायकांना समजावून सांगायला तिला मी हवी होते.

"मी सांगितलं की माना खाली घालतात," ती म्हणाली. "तू सांगितलंस तर हसतील. हसल्या की ऐकतात."

चाळीस वर्षांच्या मैत्रीत तिनं केलेली ही माझी पहिलीच स्तुती. मी त्याच आठवड्यात दुकानाला कुलूप लावलं.

गर्भाशय उशीएवढं, लाल सॅटिनचं झालं होतं. दोन्ही बाजूंना गुलाबी मखमलीच्या नळ्या, त्यांच्या टोकाला कापूस भरलेली लिंबाएवढी बीजांडं आणि खाली तोंडाला इलॅस्टिक. बॅगेत ते काही मावेना. एक नळी बाहेर लोंबत ठेवूनच मी संभाजीनगरच्या स्टँडवर उतरले. रिक्षावाल्यानं बॅग उचलली आणि तो थबकला.

"खाला, ये क्या है? ऑक्टोपस?"

"गर्भाशय आहे," मी म्हटलं. "बायकांच्या पोटात असतं ते."

त्यानं बॅग माझ्याशेजारी ठेवली आणि रिक्षा दोन चौक पुढं काढली. मग आरशात न बघता म्हणाला, "अम्मी कब से बोलरी, पेट में दुखता. दिखाना पडता क्या डॉक्टर को?"

"आजच दाखव," मी म्हटलं. शहरात येऊन अर्धा तास झाला नव्हता आणि माझा पहिला प्रयोग पार पडला होता.

दुपारी नीलूनं मला नान-खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायला नेलं. ती स्वतः भिक्षुकी करणाऱ्यांच्या घरात वाढलेली, अजूनही शुद्ध शाकाहारी. पण समोर चहाचा कप घेऊन बसली आणि मला लिंबू पिळून देत राहिली. आमच्याकडचा रस्सा समोरून येऊन थोबाडीत मारतो. हा खलिया मागून येऊन खांद्यावर हात ठेवतो आणि कानाशी सावकाश काहीतरी सांगतो. मी तीन नान खाल्ल्या. चौथीकडे हात गेला तेव्हा नीलूनं ताट बाजूला सरकवलं. डॉक्टर मैत्रीण असण्याचे हे तोटे.

तिथून ती मला तिच्या प्रयोगशाळेत घेऊन गेली. मोठ्या फ्रीजरमध्ये नळ्यांच्या रांगाच रांगा. प्रत्येक नळीवर नंबर, नाव कुठेच नाही. मी आपली थट्टा करायच्या बेतात होते, तेवढ्यात तिनं एका नंबरावर बोट ठेवलं.

"ज्यांच्या नमुन्यात काही निघालं, त्या सगळ्या पुढच्या तपासणीला येऊन गेल्या," ती म्हणाली. "एक सोडून. एकशे सतरा."

"काय निघालंय तिच्यात?"

"विषाणू. तो निघाला म्हणजे कॅन्सर झालाच असं नसतं. खूप जणींचा आपोआप जातो. पण हिचा आहे तो सगळ्यात खोडसाळ जातीचा. दुर्बिणीनं आत बघायलाच हवं. आज बघितलं तर कदाचित दहा मिनिटांचं काम असेल. वर्षानं बघितलं तर माझ्या हातात काही उरलेलं नसेल."

एकशे सतरा म्हणजे पिशोरची भामाबाई. वय छत्तीस. धनगराचं घर. दिवाळीनंतर मेंढरं घेऊन सगळे बाहेर पडलेले, आणि फोन तीन महिने बंद.

नीलू आवाज न चढवता बोलते. पण फ्रीजरचं दार लावताना तिनं ते दोनदा लावलं.

पिशोर

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. गाडी सलीमभाई चालवत होते. नीलूच्या सगळ्या गावांच्या फेऱ्या तेच करतात, त्यामुळे गर्भाशयाच्या तोंडाची त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहिती होती. "मॅडम, ये इलॅस्टिक थोडा ढीला है," असं त्यांनी माझ्या कलाकृतीबद्दल अगदी मोकळेपणानं सांगितलं.

पिशोर कन्नड तालुक्यातलं मोठं गाव. समाजमंदिरात चाळीसेक बायका जमल्या होत्या. जमवल्या होत्या शोभाताईंनी. त्या गावच्या आशाताई, म्हणजे घरोघर फिरून बाळंतिणी, लसी, औषधं असं सगळं बघणारी बाई. त्यांच्या हाका एवढ्या खणखणीत की मी हौसेनं कामं करते त्या नाटकमंडळीला अशी एक बाई मिळाली असती तर आम्ही माइकचा खर्च वाचवला असता.

मी गर्भाशय डोक्यावर धरून आत शिरले. बायकांनी पदर तोंडात कोंबले.

"हसा," मी म्हटलं. "ज्यातून आपण सगळ्या बाहेर आलो त्या घराची ही ओळख आहे. इथं भाडं लागत नाही, पण झाडलोट कुणी करत नाही."

पुढचा अर्धा तास मी काय सांगू. मी ब्रश झाले, नळी झाले, लाजरी सून झाले, दाराबाहेर खोकणारा सासरा झाले. शेवटच्या रांगेतल्या एका बाईला ठसका लागला, तिला पाणी द्यावं लागलं. नीलू कोपऱ्यात बसून हसू दाबत होती. बायका एकेक करून नळी घेऊन आतल्या खोलीत जात होत्या आणि बाहेर येऊन एकमेकींना म्हणत होत्या, "काय नाय गं, मुंगी चावल्यावानी बी नाय."

दाराच्या चौकटीला टेकून एक थोराड बाई उभी होती. पन्नाशी ओलांडलेली, हातात टकळी, त्यावर काळी लोकर. सूत काढता काढताच बघत होती. सगळं आटपल्यावर तिनं विचारलं, "अन् पन्नाशीच्या पुढं वो बाई? तवा हिचं काय व्हतं?"

मी गर्भाशय काखेत मारलं आणि म्हटलं, "तेव्हा ही रिटायर होते, मावशी. मग हिची पेन्शन सुरू. काम नाही, त्रास नाही."

सगळं समाजमंदिर हसलं. तीही हसली. फक्त तिच्या हातातली टकळी थांबली होती. ते मी पाहिलं, पण टाळ्यांच्या नादात मनावर घेतलं नाही. हा भाग लिहायला मला जड जातंय.

ती काशीबाई, भामाबाईची थोरली जाऊ. शोभाताईंनी ओळख करून दिली आणि जेवायला आम्ही तिच्याकडेच गेलो. काशीबाईचे गुडघे गेले तेव्हापासून ती मेंढरांमागं फिरत नाही. शाळेत जाणाऱ्या नातवंडांना घेऊन गावातच राहते. बाजरीची भाकरी, चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि वर तेलाची धार धरलेली लसणाची चटणी. आमच्याकडे पाहुण्याला दुसरी भाकरी विचारून वाढतात. इथं विचारत नाहीत. ताटात मोकळी जागा दिसली की भाकरी येऊन पडते.

नीलूनं विचारलं, "काशीबाई, भामाबाई कुठं असेल आता?"

"मेंढराला कुठं पत्ता असतोय, डाक्टरीणबाई? जिथं चारा तिथं गाव."

"तरी?"

"काम काय हाय तिच्याकडं?"

"तिच्याशीच बोलायचंय."

"तिला काय झालंय का?"

एका बाईचा रिपोर्ट दुसरीला सांगायचा नाही, नवऱ्यालासुद्धा नाही, हा नीलूचा नियम. "ते मला सांगता यायचं नाही," ती म्हणाली.

काशीबाईनं बशीत चहा ओतला आणि बशी नीलूपुढं सरकवली. मग म्हणाली, "वैजापुराकडं असतील. दरसाली तिकडंच असत्यात."

आम्ही गाडीत बसलो तेव्हा ती दारापर्यंत आली. काहीतरी सांगायला तोंड उघडलं, शोभाताईंकडे बघितलं आणि परत मिटलं.

गाडीत मी नीलूशी भांडले. सकाळीच शोभाताईंनी दोन म्हाताऱ्यांना "तुमचं वय बसत नाय" म्हणून परत पाठवलं होतं, ते मला खुपलं होतं.

"अभ्यासाला वयाची अट असते," नीलू म्हणाली. "तीस ते पन्नास. आज हिला घेतलं, उद्या तिला घेतलं, तर शेवटी आकडे काहीच सांगत नाहीत. मग पाच वर्षांची मेहनत पाण्यात."

"आणि त्या म्हाताऱ्या?"

"त्यांनी दवाखान्यात यावं."

"येतात?"

तिनं सलीमभाईंना गाडी जरा जोरात घ्यायला सांगितलं.

वैजापूर

दुसऱ्या दिवशी सकाळी वैजापूरच्या बाजार समितीत कांद्याचे ढीग असे लागले होते की मला डोळ्यांत पाणी आणायला अभिनयाची गरजच उरली नाही. नीलू एकेका शेतकऱ्याला गाठून विचारत होती, "पिशोरची मेंढरं कुणी बघितली का?" ती आडनाव सांगे, गावाचं नाव सांगे, भामाबाईचं वय सांगे. लोक आदरानं ऐकत आणि मान हलवत. दोन तास गेले. आमच्या हाती एक फुकटचा कांदा लागला.

शेवटी सलीमभाई म्हणाले, "मॅडम, बुरा मत मानो. मेंढ्यांचा पत्ता मेंढ्यांच्या डॉक्टरला विचारा ना. माणसांच्या डॉक्टरको क्या मालूम?"

जनावरांच्या औषधांचं दुकान रस्त्यापलीकडेच होतं. दुकानदार गल्ल्यावर बसून शेंगा खात होता. त्याला फक्त "पिशोरचे धनगर" एवढं म्हटलं, तर त्यानं डोळे मिटले आणि तोंडपाठ सांगायला सुरुवात केली. "परवा जंताचा डोस नेला. दीडशे मेंढरं, त्यातल्या अकरा गाभण. एक मेंढी लंगडते, तिला मलम दिलं. शिऊरच्या अलीकडं कपाशी उपटलेलं रान हाय, तिथं खताला बसलेत. परवा हलतील."

ही या भागातली रीत मला तिथंच कळली. पीक निघालं की शेतकरी धनगरांना रानात मेंढरं बसवायला बोलावतो. मेंढरांना पाला मिळतो, रानाला लेंड्यांचं खत मिळतं आणि धनगराच्या घरात धान्य येतं. दोन-चार मुक्काम झाले की पुढचं रान. म्हणजे आम्ही दोन दिवस उशीर केला असता तर हाही पत्ता गेला असता.

बाहेर येऊन नीलू गाडीला टेकून उभी राहिली. "अकरा गाभण, एक लंगडी," ती म्हणाली. "मंदे, त्या माणसाला प्रत्येक मेंढी ठाऊक आहे. माझ्याकडे पाच वर्षांचे कागद आहेत आणि मला एक बाई सापडत नव्हती."

मी तिला कांदा दिला. ती हसली.

शिऊरच्या अलीकडचं रान

काळ्या रानात मेंढरं अशी बसली होती की लांबून वाटावं, कुणी घोंगड्या वाळत घातल्यात. दोन घोडी, चार कुत्री, जाळीच्या डालीखाली झाकलेली कोकरं, आणि तीन दगडांच्या चुलीवर भाकरी थापणारी एक सडसडीत बाई. तीच भामा. शोभाताईंनी सांगितलेली ओळख, हनुवटीवरचं गोंदण, मी पहिल्यांदा पाहिलं.

सलीमभाई सरळ पुरुषांकडे गेले आणि एडक्याच्या शिंगांचं असं काही कौतुक करू लागले की भामाचा नवरा आणि थोरला दीर दोघंही तिकडेच गुंतले. मी गर्भाशयाची पिशवी बांधावर ठेवली आणि चुलीशी बसले.

नीलूनं हळू आवाजात सगळं सांगितलं. नमुना, विषाणू, दुर्बीण. भामानं तव्यावरची भाकरी उलटली, शेकली, टोपल्यात टाकली. मग म्हणाली, "माझं नाय ते."

"पहिल्यांदा सगळ्यांना असंच वाटतं, भामाबाई."

"तसं नाय, बाई. खरंच माझं नाय." तिनं नवऱ्याकडं एक नजर टाकली आणि आवाज आणखी खाली घेतला. "त्या दिवशी आम्ही दोघी आलतो. जाऊबाईला शोभाताईनं परत लावलं, वय बसत नाय म्हणून. तिला दोन म्हयन्यांपून रगत जात व्हतं. पाळी जाऊन पाच-सात वर्सं झाल्यावर. मला एकटीलाच ठावं. म्हणायची, म्हाताऱ्या बाईनं कुणापुढं काय सांगावं. मग मी माझी नळी तिला दिली. म्हणलं, माझ्या नंबरावर तू दे, मला काय, मी पुढच्या टायमाला. मेंढरं निघाली व्हती, मलाबी घाई व्हती."

नीलू माझ्याशेजारी मातीतच बसली. मी तिला इतक्या वर्षांत अशी पाहिली नव्हती.

"आमची चुकी झाली," भामा म्हणाली. "तुमचा हिसाब बिघडला आसंल. शोभाताईला काय बोलू नका, तिला ठावं नाय. पर जाऊबाईला लई मोठं नसंल ना वो?"

"बघावं लागेल," नीलू म्हणाली. "लगेच."

मला समाजमंदिरातली थांबलेली टकळी दिसली. अन् पन्नाशीच्या पुढं वो बाई? तिनं मला सरळ प्रश्न विचारला होता आणि मी तिला पेन्शन दिली होती. आयुष्यात माझे अनेक विनोद पडले आहेत. तो एक पडायला हवा होता.

नीलूनं पर्समधून नवी नळी काढली, नवा नंबर लावला. "भामाबाई, तुमची राहिलीय."

"हितं?" भामा हसली. "हितं तर आडोसा बी नाय."

आडोसा मी झाले. एक घोंगडी दोन्ही हातांनी ताणून धरली, पाठ फिरवली आणि आभाळाकडे बघत उभी राहिले. तीस वर्षं मी पडदे शिवले, ओढले, पाडले. इतका कामाचा पडदा मी कधी धरला नव्हता. घोंगडीमागून भामाचा आवाज आला, "बाई, हात भरून आले आसतील तर खाली घ्या. झालं माझं."

वळून बघते तर डालीतून सुटलेलं एक कोकरू माझ्या पिशवीत तोंड घालून उभं. डावी नळी मुळापासून उसवली होती आणि बीजांडातला कापूस त्याच्या ओठाला चिकटला होता. भामा आधी दचकली, मग मटकन खाली बसून इतकी हसली की पुरुष वळून बघायला लागले. नीलूही हसली आणि हसता हसताच तिनं डोळे पुसले.

परत पिशोर

उन्हं कलायच्या आत पिशोरला पोचलो. काशीबाई ओट्यावर बसून लोकर विंचरत होती. आम्हाला बघून ती उठली नाही.

"भामा भेटली म्हणायची," ती म्हणाली.

नीलू तिच्याशेजारी जमिनीवर बसली. "काशीबाई, माझी चूक झाली. त्या दिवशी तुम्ही दारातून परत गेलात. निदान कुणीतरी विचारायला हवं होतं, काही त्रास आहे का. कुणी विचारलं नाही, कारण मी विचारायला सांगितलंच नव्हतं."

"तुमची कशी चूक? आम्ही फसवलं तुमाला." काशीबाईनं लोकर खाली ठेवली. "काल सांगणार व्हते. मग वाटलं, शोभाताईची नोकरी जाईल, भामाला बोल लागंल. माझं काय, माझं झालं जगून."

"काही झालं नाही जगून," नीलू जरा चिडूनच म्हणाली. "उद्या सकाळी माझ्याबरोबर चला."

मी पुढं झाले. कालचा तो विनोद, मी म्हटलं, तो मला परत घ्यायचाय.

काशीबाईनं माझ्याकडं बघितलं आणि तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "पेन्शनीतबी काम लागलं बघा, बाई."

वेरूळ

सकाळी संभाजीनगरला जाताना वेरुळाशी गाडी थांबवली. नीलूला एक फोन करायचा होता, तिथं रेंज होती. काशीबाई गाडीत ताठ बसून होती, आदल्या दिवशीपासून पोटात काही गेलं नव्हतं. मी तिला चहा प्यायला उतरवलं. लेण्यांकडे बघून ती म्हणाली, "लहानपणी आम्ही हितं शेरडं-मेंढरं चारायचो. त्या डोंगरावर. वरून वाकून बघायचं, खाली देऊळ. आतून कधी नाय बघितलं."

"का?"

"मेंढरं कुणाजवळ सोडायची?"

आज मेंढरं नव्हती. मी नीलूकडं बघितलं. तिनं घड्याळ बघितलं आणि मान हलवली. आम्ही काशीबाईचे गुडघे सांभाळत कैलास लेण्यात गेलो. अंगणात उभं राहून तिनं आधी देवळाकडं नाही, वर कड्याकडं बघितलं, जिथून ती वाकायची तिथं.

"वरून लई ल्हान वाटायचं," ती म्हणाली. "मला वाटायचं, उचलून घरी न्यावं."

जाताना मी हजारदा वाचलेली माहिती तिला सांगणार होते, किती वर्षं लागली, कसं वरून खाली कोरलं. पण राहू दिलं. तिला ठाऊक होतं वरून खाली.

पुन्हा संभाजीनगर

तपासणी दहा मिनिटांची नव्हती. नीलूनं दुर्बिणीनं बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्टला आठवडा लागेल म्हणाली. मी तीन दिवसांसाठी आले होते, ती बारा दिवस राहिले. काशीबाईला नीलूनं आपल्याच घरी ठेवून घेतलं. नीलूच्या देवघरासमोर बसून काशीबाई सूत काढायची आणि नीलू प्रयोगशाळेतून आल्यावर आधी तिच्याकडं डोकावायची, मग बूट काढायची. संध्याकाळी आम्ही तिघी गच्चीवर बसायचो. काशीबाई मेंढरांच्या गोष्टी सांगायची. आमच्या नाटकातल्या कुठल्याही खलनायकापेक्षा तिच्या गोष्टीतला लांडगा सरस होता, आणि मी चक्क गप्प बसून ऐकायचे.

एका दुपारी तिनं माझी पिशवी मागितली. उसवलेली नळी मांडीवर घेतली, आपल्या ट्रंकेतून दाभणासारखी जाड सुई काढली आणि काळ्या लोकरीनं नळी परत जागेवर शिवली. लाल सॅटिनवर जाड काळे टाके. घोंगडीचे असतात तसे.

"रंग जुळत नाय," ती म्हणाली.

"नको जुळायला," मी म्हटलं.

रिपोर्ट आला तेव्हा नीलूनं तो आधी स्वतः दोनदा वाचला. मग काशीबाईसमोर बसून साध्या शब्दांत सांगितलं. कॅन्सर आहे. पण अगदी सुरुवातीचा, एका जागी बसलेला. ऑपरेशन करून पिशवी काढून टाकायची. नंतर काही वर्षं नियमानं तपासायचं. अजून वर्षभर गेलं असतं तर हे एवढ्यावर भागलं नसतं.

काशीबाईनं सगळं ऐकून घेतलं. "भामाला कळवा," ती म्हणाली. "ती तिकडं भाकरी जाळत आसंल."

नीलूनं एकशे सतरा नंबर अभ्यासातून काढून टाकला. तो का काढला हे तिनं स्वतःच्या हातानं, काहीही न लपवता, लिहून वरच्या समितीला कळवलं. आणि आता तिच्या प्रत्येक शिबिरात दारातच, वय विचारायच्या आधी, एक बाई प्रत्येकीला बाजूला घेऊन विचारते, काही त्रास आहे का. पिशोरात ते काम शोभाताई करतात. मला कळलं ते असं की त्यांनी आवाज कमी करायला शिकून घेतलाय.

भामाचा नमुना चांगला निघाला. हे मी शेवटी लिहितेय, पण नीलूनं मला ते फोनवर सगळ्यात आधी सांगितलं होतं.

सांगलीला परत येऊन आता काही महिने झाले. माझ्या दुकानात राजाच्या मुकुटांशेजारी ते गर्भाशय लटकलेलं असतं. आसपासच्या गावांत मी अजूनही तो खेळ करते, मात्र शेवटी प्रश्न आले की विनोद करायच्या आधी विचारणारीच्या हातांकडं बघते.

परवा काशीबाईचा फोन आला. ऑपरेशन होऊन ती केव्हाच घरी गेली होती. पाऊस झालाय, मेंढरं परत आलीत, लंगडी मेंढी बरी झाली, दोन कोकरं झाली, असं सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "ती लाल पिशवी हाय का अजून?"

"आहे की."

"टाके टिकलेत?"

"घट्ट आहेत."

"मग जपा बाई," ती म्हणाली. "माझी तर गेली. आता माझी म्हणायला तेवढीच हाय."